वीस घरं, पाच तुकडे आणि न बसणारा टी

माझी भाची यंदा शिष्यवृत्ती परीक्षेला बसते आहे. बुद्धिमत्ता चाचणीतल्या आकृत्या सोडवून ती कंटाळली, तेव्हा एका जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घेऊन मी तिला पाच तुकडे कापून दिले. प्रत्येक तुकडा चार चौरसांचा. चार चौरस कडेला कड लावून जोडले, आणि फिरवून-पालटून सारखे होणारे एकच धरले, तर पाचच आकार निघतात: पट्टी, चौकोन, एल, झेड आणि टी. टेट्रिस खेळलेल्यांना ते ओळखीचे असतील.

“मावशी, पाच चोक वीस. म्हणजे ४ बाय ५ च्या आयतात हे बसणारच!” ती म्हणाली. दोन संध्याकाळी गेल्या, तरी दर वेळी एक तुकडा बाहेर.

क्षेत्रफळ जुळलं की आकार बसतात, हा समज मोठ्यांचाही असतो. तो चूक आहे, आणि का चूक आहे ते फार सुंदर आहे.

आयताची घरं बुद्धिबळाच्या पटासारखी आलटून-पालटून काळी-पांढरी रंगवा. दहा काळी, दहा पांढरी. आता पट्टी कुठेही ठेवा, आडवी किंवा उभी. ती दोन काळी आणि दोन पांढरी घरं झाकते. चौकोन, एल आणि झेडचंही तेच. पण टीच्या मधल्या घराला तीन शेजारी, आणि शेजाऱ्यांचा रंग नेहमी उलटा. म्हणून टी एका रंगाची तीन घरं झाकतो आणि दुसऱ्या रंगाचं एक. चार तुकड्यांची आठ-आठ घरं, त्यात टीची तीन आणि एक: ११ आणि ९. आयताला हवीत १० आणि १०. संपलं. हजार वर्षं प्रयत्न केले तरी बसणार नाही.

१९७१ साली शेपर्ड आणि मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की वेगवेगळ्या कोनांत ठेवलेल्या दोन आकृत्या एकच आहेत का हे ठरवायला लागणारा वेळ त्यांच्यातल्या कोनाबरोबर सरळ रेषेत वाढतो; जणू आपण आकृती मनात खरोखर फिरवतो. रंगांच्या युक्तिवादात काहीच फिरवावं लागत नाही. तुकडा कसाही ठेवा, हिशेब तोच.

हा आनंद मुलांना पुठ्ठा, कात्री आणि पेन्सिल एवढ्यात मिळतो. त्यासाठी डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखायला लावणाऱ्या ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या वर्गांना हजारो रुपये देऊ नका. तिथे मूल नाकाजवळच्या फटीतून बघत असतं, आणि त्याला फसवायला शिकवलं जातं याचा मला संताप येतो.

मात्र रंग जुळले म्हणजे काम झालं असंही नाही. सॉलोमन गोलोम्ब या अमेरिकन गणितज्ञाने १९५३ साली अशा आकारांचा विषय गणितात आणला. पाच चौरसांचे आकार बारा, म्हणजे घरं साठ. यातला अधिकचिन्हाचा तुकडा रंगांत तीनने असमान (चार आणि एक), बाकीचे अकरा एकेकाने (तीन आणि दोन). हे बाराही फरक विषम, त्यामुळे अधिक-उणे होऊन बेरीज शून्य करता येते. रंगांची हरकत नाही. तरीही २ बाय ३० चा आयत भरत नाही, कारण अधिकचिन्हाला तीन घरांची रुंदी लागते. ६ बाय १० चा आयत मात्र २,३३९ प्रकारे भरतो, आणि ३ बाय २० चा फक्त दोन.

भाचीने आता पाच तुकड्यांचा दुसरा संच कापला आहे. दोन टी, म्हणजे २० आणि २० जुळू शकतात. ५ बाय ८ चा आयत भरतो, एवढंच मी तिला सांगितलंय.