तरुण बास्केटबॉलपटूच्या ऑफेन्सचा अंदाज

कॉलेज किंवा छोट्या लीगमध्ये खेळणारा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा उद्या प्रोफेशनल लीगमध्ये, विशेषतः एनबीएत (अमेरिकेतली सगळ्यात मोठी बास्केटबॉल लीग), पॉइंट्स काढेल का आणि टीममेट्सना काढून देईल का, हे आधीच ताडणं म्हणजे हे मूल्यमापन. टीम्सचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे लोक, ड्राफ्टआधी (ड्राफ्ट म्हणजे टीम्सनी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडणं) वर्षभर हेच करत असतात, तरी दरवर्षी कुणीतरी तोंडावर पडतंच.

सगळ्यात फसवा आकडा म्हणजे पॉइंट्सचा अ‍ॅव्हरेज. २०१०-११ च्या सीझनला जिमर फ्रेडेट मॅचमागे २८.९ पॉइंट्स काढून अमेरिकन कॉलेजांमध्ये पहिला आला, ड्राफ्टमध्ये दहावा गेला आणि एनबीएत काही जम बसला नाही. उलट डेव्हिन बुकर केंटकी युनिव्हर्सिटीत कायम बेंचवरून, म्हणजे बदली म्हणून, यायचा, अ‍ॅव्हरेज फक्त १०, २०१५ ला तेरावा गेला, आणि मार्च २०१७ मध्ये विशीतच बॉस्टनविरुद्ध एका मॅचला ७० मारले! म्हणून पॉइंट्स कसे काढले ते बघायचं, स्वतः ड्रिबल करून जागा काढली की कोपऱ्यात उभं राहून दुसऱ्याच्या पासवर मारले, स्किल आहे की समोरच्यापेक्षा नुसता अंगानं दांडगा आहे. वरच्या लीगमध्ये सगळेच दांडगे असतात, तिथं तो फायदा संपतो.

शूटिंगचंही तसंच. कॉलेजच्या एका सीझनला पोरगा थ्री (लाइनबाहेरून मारलेला तीन पॉइंट्सचा शॉट) मारून मारून किती मारणार, तेवढ्यावरून काढलेल्या टक्केवारीत नशिबाचा भाग बराच असतो, त्यात लाइनपण वेगळी, एनबीएची समोरून ७.२४ मीटर आणि कॉलेजची २०१९-२० पासून ६.७५. त्यामुळे बरेच जाणकार आधी फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) बघतात, कारण तिथं अंगावर डिफेन्डर नसतो, घाई नसते, हात किती साफ आहे ते कळतं. कवाय लेनर्डचे कॉलेजात थ्री जेमतेम २५ टक्के जायचे पण फ्री थ्रो ७४ च्या आसपास होते. २०११ ला पंधरावा गेला, शॉटवर मेहनत घेतली आणि पुढे दोनदा फायनल्सचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला. मार्केल फल्ट्झचं उलटं, थ्री ४१ टक्के आणि फ्री थ्रो ६५ च्या आसपास, २०१७ ला पहिल्या नंबरवर गेला आणि शॉटच बिघडला. अर्थात त्याच्या खांद्याचं दुखणं मोठं होतं, सगळं खापर या एका आकड्यावर फोडणं बरोबर नाही.

माझ्या मते खरी परीक्षा पिक अँड रोलमध्ये, म्हणजे टीममेट डिफेन्डरची वाट अडवतो आणि मग बास्केटकडं पळतो त्या चालीत. व्हिडिओ बघताना नजर बॉलवरून काढायची. टीममेटनं स्क्रीन लावली (डिफेन्डरच्या वाटेत उभा राहिला), आता दोन डिफेन्डर एकट्याच्या अंगावर येतायत. कच्चा पोरगा इथं ड्रिबल बंद करून बॉल छातीशी धरतो आणि अडकतो. मुरलेला क्षणभर वेग कमी करतो, मागून येणाऱ्याला पाठीवरच अडकवून ठेवतो, समोरचा उंच डिफेन्डर एक पाऊल पुढं आला रे आला की त्याच्या डोक्यावरून लॉब (उंच उडवलेला पास), आणि कोपऱ्यातला डिफेन्डर मदतीला आत सरकला असेल तर एका हातानं सरळ त्या कोपऱ्यात पास. असा पास टाकताना झालेला टर्नओव्हर (बॉल समोरच्या टीमकडे जाणं) माफ करावा, ड्रिबल पायावर आपटून घालवलेला नाही.

हे सगळं वयाशी आणि लीगशी ताडून बघायला लागतं, बावीस वर्षांच्या पोरानं अठराच्या पोरांना मारलेले पॉइंट्स थोडे कमीच धरायचे. लुका डॉन्चिच २०१८ ला १९ व्या वर्षी रिअल माद्रिदकडून, पक्क्या प्रोफेशनल लोकांमध्ये खेळून, युरोलीगचा (युरोपातल्या क्लबांची मोठी लीग) एमव्हीपी होता, तरी ड्राफ्टमध्ये तिसरा गेला, का तर म्हणे वेग कमी आहे.

मापं आणि ताकद शेवटी. २००७ च्या ड्राफ्टआधीच्या चाचणीत केविन ड्युरंटला बेंच प्रेसमध्ये १८५ पौंडांचा बार एकदाही उचलता आला नव्हता. तरी तो दुसरा गेला, पहिल्याच सीझनला रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू) झाला आणि नंतर चार वेळा लीगचा टॉप स्कोअरर, कारण एवढ्या उंचीवरून सुटणाऱ्या शॉटपर्यंत डिफेन्डरचा हातच पोचत नाही.