समाजमाध्यमांवरील वृत्तनिर्बंध

फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स, व्हॉट्सॲप यांसारख्या माध्यमांवर बातम्या दिसणे, शोधणे किंवा पुढे पाठवणे यांवर घातलेली मर्यादा. ती कधी सरकारी आदेशाने येते, कधी कंपनीच्या निर्णयाने. बातमी बंद झाली म्हणून तिच्यावरची चर्चा थांबत नाही. ती बिननावाच्या मजकुरावर चालू राहते आणि लोकांच्या हाती पडणाऱ्या माहितीचा कस तिथेच उतरतो.

याचे ठळक उदाहरण कॅनडाचे. बातम्यांच्या दुव्यांबद्दल (लिंक) समाजमाध्यम कंपन्यांनी वृत्तसंस्थांना मोबदला द्यावा, असा कायदा तेथील संसदेने जून २०२३ मध्ये केला. फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटा कंपनीने मोबदला देण्याऐवजी ऑगस्टपासून या दोन्ही माध्यमांवरील बातम्याच बंद केल्या. त्याच महिन्यात वणव्यामुळे यलोनाइफ शहर रिकामे करावे लागले. कोणता रस्ता खुला आहे, हे सांगणाऱ्या बातमीचा दुवासुद्धा लोकांना तिथे टाकता येईना. मग स्क्रीनशॉट फिरू लागले. त्याआधी फेब्रुवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात फेसबुकने अशीच बंदी घातली, तेव्हा हवामान खाते आणि आरोग्य विभागांची पानेही काही काळ कोरी झाली होती.

दुवा आणि स्क्रीनशॉट यांतला फरक वरवरचा नाही. दुव्यामागे वृत्तपत्राचे नाव, तारीख आणि नंतर केलेली दुरुस्ती असते. स्क्रीनशॉट चुकीचा असेल, तर तो चुकीचाच फिरत राहतो.

पुण्याने याचा एक वेगळा नमुना कोरोनाच्या टाळेबंदीत पाहिला. १८८१ साली ‘केसरी’ आणि १९३२ साली ‘सकाळ’ सुरू झाला त्या या शहरात, एप्रिल २०२० मध्ये वृत्तपत्रांचे घरपोच वितरण शासकीय आदेशाने थांबले. राज्यात इतरत्र लवकरच सूट मिळाली, पण मुंबई आणि पुणे महानगर क्षेत्रांत बंदी राहिली. ही बंदी छापील अंकावर होती, समाजमाध्यमांवर नव्हे; परिणाम मात्र त्याच जातीचा झाला. अंकांच्या पीडीएफ आणि सुटी कात्रणे सोसायट्यांच्या ग्रुपवर येऊ लागली आणि पानाच्या वरची तारीख कापलेले कात्रण आजचे की गेल्या आठवड्याचे, हे ओळखणे वाचणाऱ्यावर आले.

भारतात मजकूर रोखण्याचा मुख्य आधार माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९अ आहे. २००९ च्या नियमांनुसार या कलमाखालील कार्यवाही गोपनीय राहते. त्यामुळे काय काढले आणि का, हे वाचकाला सहसा कळत नाही. या व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष हाच म्हणावा लागेल. इंटरनेट बंद ठेवण्याचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये काश्मीरसंबंधीच्या खटल्यात बजावले. सरकारविषयीची माहिती खोटी ठरवण्याचा अधिकार केंद्राच्या तथ्य-तपासणी कक्षाला देणारी माहिती तंत्रज्ञान नियमांतील दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली.

सगळ्याच मर्यादा घातक नसतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठार मारले. देशभर अशा घटना घडत असताना व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून वारंवार पुढे पाठवले गेलेले संदेश एका वेळी फक्त एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागले. या उपायाने संदेशाचा वेग कमी केला, बातमी हिरावली नाही.

पुण्यात हा प्रश्न सर्वांत जवळून भिडतो तो पाण्याच्या बाबतीत. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा दोष पाण्याचा की कोंबडीचा, यावर ग्रुपांवर तावातावाने लिहिले गेले. पाणी उकळून पिण्याची सूचना त्याच गर्दीत येत होती. २५ जुलै २०२४ रोजी मुठेकाठच्या एकतानगरी या वस्तीत पुराचे पाणी शिरले, तेव्हा वेळेत सूचना मिळाली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. पावसाळ्यात खडकवासला धरणातून मुठा नदीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा क्युसेकमधला (सेकंदाला किती घनफूट) आकडा दिवसातून अनेकदा बदलतो. संध्याकाळी पाचचा आकडा वेळ न लिहिता रात्री अकराला पुढे आला, तर मुठेकाठच्या माणसाला तळमजल्यावरची गाडी हलवायची की नाही, हे त्यावरून ठरवता येत नाही.