पगार थकला, किंवा सारख्या कामाला कमी मिळाला, तर कोल्हापुरात दावा कसा करायचा

शिरोलीची फाउंड्री असो, इचलकरंजीचा माग असो की गुजरीतलं दुकान, पगार अडकला की पहिला सल्ला ठरलेला: "थांब जरा, देतील." थांबा, पण कागद जमवत थांबा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ हा पगाराविषयीचा नवा कायदा लागू झाला आहे. त्यानुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळायला हवा. आठवड्याचा पगार साप्ताहिक सुट्टीच्या आधी द्यायचा, आणि काम सोडलं किंवा काढून टाकलं तर २ कामाच्या दिवसांत सगळा हिशेब मिटवायचा.

दावा कोण करू शकतो? कायम, कंत्राटी, रोजंदारीवरचा, नगावर काम करणारा, अगदी सुपरवायझरसुद्धा. जुन्या कायद्यातली महिना २४,००० रुपयांची मर्यादा आता नाही. शिकाऊ उमेदवार कायद्याखालचे अप्रेंटिस मात्र यात येत नाहीत. ठेकेदारानं हात वर केले, तर आस्थापनेच्या मालकावर जबाबदारी येते. तेव्हा अर्जात दोघांचीही नावं घाला.

दावा करायची मुदत ३ वर्षांची आहे. "सहा महिने उलटले, आता काय होत नाही" असं सांगणारे अजून भेटतात, त्यांचं ऐकू नका.

पगार दिला हे सिद्ध करणं मालकाचं काम. तुम्ही तिथं कामाला होता एवढं तुम्हाला दाखवता आलं पाहिजे, आणि खरी अडचण तिथंच येते, कारण रोख पगार घेणाऱ्याकडे बहुधा चिठोरंही नसतं. पगारपावती देणं मालकाला बंधनकारक आहे. ती नसेल तर हजेरी कार्ड, गेटपास, बँक पासबुकातल्या नोंदी, पीएफचं पासबुक, ईएसआय कार्ड, मुकादमाचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, यातलं जे असेल ते जोडा. सोबत आधारची प्रत. कोऱ्या व्हाउचरवर किंवा 'सर्व हिशेब मिळाला' अशा कागदावर पैसे हातात पडल्याशिवाय सही करू नका.

आता सारख्या कामाला सारखा पगार. समजा फाउंड्रीच्या कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनतात तिथं, पुरुषाला रोज ६०० आणि त्याच कामाला बाईला ४५० मिळतात. २६ दिवसांचे ३,९०० रुपये फरक झाला. पदाचं नाव वेगळं ठेवलं म्हणून मालक सुटत नाही. कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी आहे का, हे पाहिलं जातं. आणि फरक मिटवायचा म्हणून पुरुषांचा रोज कमी करता येत नाही. अर्जात "अन्याय होतो" एवढंच लिहू नका. कोणतं काम, कोणती पाळी, कुणाला किती आणि कधीपासून, असं तक्त्यात मांडा.

अर्ज घेऊन सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यायचाच. तुमच्या वतीनं नोंदणीकृत युनियनही दावा करू शकते. वकील परवडत नसेल तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा. महिलांना आणि औद्योगिक कामगारांना तिथं मोफत मदतीचा हक्क आहे.

३ महिन्यांत निकालाचा प्रयत्न व्हावा, असं संहिता म्हणते. थकीत रकमेशिवाय तिच्या १० पटींपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो, पण १० पट मिळणारच असं धरून चालू नका. आदेशाविरुद्ध ९० दिवसांत अपील करता येतं. आदेश होऊनही मालकानं पैसे दिले नाहीत, तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते.