स्वयंपाकघरातील लाकडी कपाटे (मराठवाडा)

स्वयंपाकघराच्या मापाने सुताराकडून करवून घेऊन ओट्याखाली, ओट्यावर व माळ्याला लागून कायमची बसवलेली लाकडी किंवा प्लायवूडची कपाटे. खालच्या सरकत्या कप्प्यांना लोक ‘ट्रॉल्या’ म्हणतात, बाकी सगळे नुसते ‘फर्निचर’. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर येथील दुकानांत तयार मॉड्युलर संच मिळतात. तरी जुन्या घरांच्या भिंती क्वचितच काटकोनात असतात आणि ज्वारीच्या पिठाचे उंच डबे, परात, काठवट ठरीव मापाच्या कप्प्यांत मावतातच असे नाही, म्हणून मापाने करवून घेण्याची रीत टिकून आहे.

जुन्या माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेल्या, घरांत दगडमातीच्या भिंती अडीच-तीन फूट जाड असत. त्या जाडीतच कोनाडे आणि लाकडी चौकट-झडपांची फडताळे काढलेली असत. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात अशाच जड भिंती आणि माळवदे कोसळून लातूर व धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. पुढे विटा-सिमेंटच्या बांधकामाकडे कल वाढला. सहा किंवा नऊ इंची भिंतीत फडताळ मावत नाही. कपाट भिंतीबाहेर आले आणि त्याचे वजन पेलायचे कसे, हा प्रश्न सुतारापुढे आला.

मराठवाड्यात कपाटाचे खरे दुखणे ओलावा नसून ओल आणि कोरड यांतली तफावत आहे. मे महिन्यात पारा 40 अंशांपुढे जातो आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता 20-25 टक्क्यांपर्यंत उतरते. पावसाळ्यात सकाळी तीच 80 टक्क्यांच्या पुढे असते. लाकूड हवेतली वाफ शोषून फुगते आणि कोरडे पडले की आकसते. लांबीत हा फरक नगण्य असतो, रुंदीत मात्र चांगलाच जाणवतो. आडव्या चिरेची (खोडाच्या वलयांना समांतर कापलेली) 45 सें.मी. रुंद सागवानी फळी घेतली आणि तिच्यातील पाण्याचे प्रमाण 5 टक्क्यांनी वाढले, तर ती सुमारे 4 मि.मी. फुगते. उन्हाळ्यात घट्ट बसवलेले दार श्रावणात अडते ते यामुळेच. रुंद फळी चारी बाजूंनी डिंकाने जखडली तर ती उन्हाळ्यात तडकते. जुने सुतार मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी सोडत. आजही भरीव लाकडाच्या दाराला याहून चांगला उपाय नाही. यात कूलरची भर पडते. ऐन उन्हाळ्यात स्वयंपाकघराकडे ओला वारा सोडणारा कूलर समोरची दारे फुगवतो, तर मागच्या खोलीतले लाकूड त्याच दिवसांत वाळून आकसत असते.

लाकडात पहिली पसंती सागाला. किनवट-माहूरच्या डोंगरांत सागाची जंगले आहेत. बाकी मराठवाड्यात वनक्षेत्र फारच तुटपुंजे. बांधावरचा स्वतःचा साग कापायचा असला तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 नुसार परवानगी लागते, वाहतुकीचा परवाना वेगळा. फळी घेताना कडेचा फिकट भाग, म्हणजे रसकाष्ठ, टाळावा. भुंगेरे आधी तिथेच शिरतात आणि खाली पिठासारखा भुसा सांडू लागतो. बाभूळ टणक, पण वाळताना चिरते. खर्चामुळे आता बहुतेक घरांत सांगाडा प्लायवूडचाच असतो. त्यावर भारतीय मानक (आयएस) 303 (साधे किंवा उकळत्या पाण्याला टिकणारे) की आयएस 710 (मरीन) हा शिक्का पाहावा; सिंकखाली दुसऱ्यालाच पर्याय नाही. अनेक जण ओट्याखाली कडप्प्याचे उभे खण करून त्यांना फक्त लाकडी दारे लावतात. दिसायला साधे, पण वाळवी आणि पाणी या दोहोंना पुरून उरते.

बसवण्याआधी लाकूड काही आठवडे त्याच घरात आडवे रचून ठेवावे. गिलावा व फरशी पुरती सुकलेली हवी. ओटा साधारण 32 ते 34 इंच उंच आणि 24 इंच खोल असतो. वरची कपाटे 12 ते 14 इंच खोल ठेवून ओट्यापासून दोन फूट वर घेतात. फरशीचा सर्वांत उंच बिंदू शोधून लेव्हलने रेघ मारायची आणि ओळंब्याने भिंत तपासायची. वरची कपाटे आधी टांगली तर खालच्यांवर पाय देण्याची वेळ येत नाही. स्क्रू विटेत जायला हवा, जोडातल्या मसाल्यात नव्हे. मातीच्या भिंतीवर वजन टांगूच नये, जमिनीवर उभा राहणारा सांगाडा करावा. दारांमध्ये 2-3 मि.मी. फट सोडावी. काटकसरीत एक चूक हमखास होते: सनमायका फक्त बाहेरून लावतात. मग उघडी आतली बाजू वाफ पिते आणि दार वाकते. पाइपसाठी पाडलेल्या भोकांच्या कडा उघड्या राहिल्या तर प्लाय तिथूनच सुटायला लागतो.

अनेक शहरांत नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे ड्रम आणि टाक्या स्वयंपाकघरातच येऊन बसतात. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. साठवणीची ही सवय काही उगाच पडलेली नाही. पाणी भरताना सांडतेच. म्हणून कपाटाचा तळ फरशीपासून चार इंच वर, प्लास्टिकच्या पायांवर किंवा कडप्प्यावर घ्यावा आणि ड्रम लाकडाला टेकवू नये.

रोजच्या देखभालीत फोडणीचा चिकट थर कोमट पाणी आणि सौम्य साबणात पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे फडके फिरवावे. तारेची घासणी वा ॲसिड वापरू नये. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग सिंकपुरते व्हिनेगरने काढावेत, पॉलिशवर ते लावू नये. लाकडाला जवसाचे तेल चोळलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. भिंतीवर मातीची नळी चढलेली दिसली तर ती नुसती खरवडून भागत नाही. वाळवीचे वारूळ जमिनीत असते, औषध तिथपर्यंत जावे लागते. बिजागरीचे स्क्रू सैल झाल्यास भोकात डिंक लावलेली काडी ठोकून, ती वाळल्यावर स्क्रू पुन्हा आवळतात. श्रावणात अडणारे दार लगेच रंध्याखाली घेऊ नये; आधी बिजागरी फिरवून पाहावी आणि तरीही रंधायचेच असेल तर दिवाळीनंतर लाकूड वाळू द्यावे.