येनान ते सोलापूर: कोटणीसांची टपालवाट

चीन-जपान युद्धात जखमींवर उपचार करायला चीनला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस कोण, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. भैय्या चौकातलं त्यांचं घर आता स्मारक आहे. अहोरात्र केलेल्या शस्त्रक्रिया, माओंचा शोकसंदेश, वयाच्या 32 व्या वर्षी आलेलं मरण, एवढं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पण चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या सेनेचा गणवेश चढवलेल्या या डॉक्टरला घरची खबर मिळायची तरी कशी, हे सहसा कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर शोधताना जपानी आक्रमणाइतकंच चीनच्या आपसातल्या यादवीकडे पाहावं लागतं.

च्यांग कै-शेक यांचा सत्ताधारी पक्ष कुओमिंतांग आणि कम्युनिस्ट यांचं 1927 मध्ये फाटलं आणि पुढची दहा वर्षं ते एकमेकांशी लढत राहिले. डिसेंबर 1936 मध्ये शीआनला च्यांग कै-शेक यांना त्यांच्याच सेनापतींनी अडकवून ठेवलं, तेव्हा कुठे जपानविरुद्ध एकत्र यायचं ठरलं. कम्युनिस्टांच्या लाल सेनेची आठवी सेना झाली, कागदोपत्री च्यांग यांच्याच फौजेचा भाग. कागदोपत्रीच.

या सेनेचे सेनापती जू द यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी निधीसाठी हाक दिली आणि 1 सप्टेंबर 1938 ला अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस मुंबईहून बोटीने निघाले. कँटन, हँकाऊ, चुंगकिंग करत कम्युनिस्टांचं मुख्य ठाणं असलेल्या येनानला पोचेपर्यंत फेब्रुवारी 1939 उजाडला.

चुंगकिंगला असतानाच कोटणीसांना वडील गेल्याचं कळलं. परत फिरायचं तर तीच जागा होती, कारण तिथून हाँगकाँगला विमानं जात होती. ते फिरले नाहीत. पण मला या प्रसंगात त्यांच्या निर्धाराइतकंच दुसरंही काही दिसतं: बातमी वेळेत पोचली. आणखी वर्षभराने ते जिथे होते, तिथे हीच बातमी कधी गेली असती कोण जाणे.

कारण 1939 पासून कुओमिंतांगने येनानच्या प्रदेशाभोवती फौजा आणून नाकेबंदी सुरू केली. औषधं अडली, माणसं अडली, मग टपाल सुरळीत कुठून चालणार? येनानचं पत्र शीआनला, तिथून चुंगकिंगला, तिथून हाँगकाँग किंवा ब्रह्मदेशामार्गे हिंदुस्थानात यायचं. म्हणजे दोस्त म्हणवणाऱ्यांच्याच नाक्यांवरून. इकडे सप्टेंबर 1939 मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश सेन्सॉरही परदेशी पत्रं फोडू लागला. एवढ्यातून सुटलेला लिफाफा मग रेल्वेने सोलापूरला.

कोटणीस तर येनानच्याही पुढे गेले. उत्तरेला जपानी फौजांच्या पिछाडीला कम्युनिस्टांचा जो डोंगराळ मुलूख होता, तिथे. मधले रेल्वेमार्ग जपान्यांच्या ताब्यात, त्यांच्याकडेला बुरूज आणि खंदक. निरोप्ये रात्री रूळ ओलांडत. 1939-40 मध्ये चोळकर, मुखर्जी आणि अटल मायदेशी परतले, बसू येनानला राहिले. जानेवारी 1941 मध्ये कोटणीस तिथल्या, कॅनेडियन डॉक्टर नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तेव्हा घरच्या आठवणी काढायला आसपास एकही हिंदुस्थानी माणूस नव्हता. चिनी मात्र ते एव्हाना सफाईने बोलत.

त्याच जानेवारीत आघाडीचा उरलासुरला मुलामाही उडाला. आन्ह्वे प्रांतात कुओमिंतांगच्या सैन्याने कम्युनिस्टांच्या नव्या चौथ्या सेनेवर हल्ला करून हजारोंना मारलं वा पकडलं. नाकेबंदी आणखी आवळली. डिसेंबर 1941 मध्ये हाँगकाँग पडलं, 1942 च्या उन्हाळ्यापर्यंत ब्रह्मदेशचा रस्ताही गेला. कोटणीसांनी 1941 च्या अखेरीस परिचारिका क्वो चिंगलान यांच्याशी लग्न केलं, ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. सून आणि नातू, सोलापूरच्या घरात ज्यावर महिनाभर बोलणं झालं असतं अशा या दोन बातम्या नेमक्या सगळ्या वाटा बुजत असतानाच्या.

9 डिसेंबर 1942 ला अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. कुटुंबाला कम्युनिस्ट नेते चौ एन-लाय यांनी सांत्वनाचं पत्र लिहिलं ते मार्च 1943 मध्ये, तीन महिन्यांनी. चौ तेव्हा चुंगकिंगला आठव्या सेनेचे प्रतिनिधी होते, म्हणजे नाकेबंदी करणाऱ्यांच्याच राजधानीत. हिंदुस्थानशी विमानाने जोडलेलं दार तेवढं तिथेच उरलं होतं.