घरगुती तापन बॉयलर : दोषनिदान

घर उबदार ठेवण्यासाठी बसवलेल्या बॉयलरात गॅस किंवा तेल जाळून पाणी तापवतात आणि पंप ते रेडिएटरांतून, म्हणजे खोल्या उबदार करणाऱ्या धातूच्या पोकळ पॅनेलांतून, फिरवतो. बिघाड झाला की पडद्यावर संकेतांक झळकतो. यंत्र कुठे अडले एवढेच तो सांगतो; का अडले, ते शोधावे लागते. ‘ज्योत नाही’ या संकेतामागे गॅस न पोचणे, ठिणगी न पडणे किंवा पेटलेली ज्योत ओळखू न येणे, यांपैकी काहीही असू शकते. गॅस बॉयलरात ज्योतीतून वाहणारा काही मायक्रोअँपिअरचा प्रवाह मोजून ती पेटल्याची खात्री केली जाते. हा प्रवाह टिपणाऱ्या इलेक्ट्रोडवर (ज्योतीतल्या धातूच्या कांडीवर) थर साचला की बर्नर पेटतो आणि काही सेकंदांत विझतो.

सर्वांत जास्त चकवतो तो पाण्याचा दाब. बंद प्रणालीत पाणी थंड असताना तो साधारण 1 ते 1.5 बार (बार हे दाबाचे एकक) असतो. दाबमापकाचा काटा उतरला की नळ सोडून पाणी भरायचे, ही सवय घातक. गळती तशीच राहते, आणि ताज्या पाण्यातला ऑक्सिजन आतले लोखंड गंजवतो. तापल्यावर काटा 3 बारकडे झेपावत असेल आणि थंड झाल्यावर तळाला जात असेल, तर संशय प्रसरण टाकीवर, म्हणजे तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीवर, घ्यावा. टाकीला सायकलच्या ट्यूबसारखा वॉल्व्ह असतो. त्याची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आले, तर आतला रबरी पडदा फाटला आहे.

रेडिएटर वरून थंड असेल तर आत हवा अडकलेली असते. खालून थंड असेल तर गंजाचा काळा गाळ. बॉयलर किटलीसारखा खदखदत असेल तर उष्णता-विनिमयकात (ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागात) बहुधा क्षार साचलेले असतात. नळाला गरम पाणी येते पण रेडिएटर गार, अशा वेळी गरम पाणी नळाकडे की रेडिएटरांकडे हे ठरवणारा, दिशा बदलणारा वॉल्व्ह अडकलेला असण्याची शक्यता मोठी. कंडेन्सिंग बॉयलर (धुरातल्या वाफेचे पाणी करून तिचीही उष्णता वापरणारा) कडाक्याच्या थंडीत गुडगुडून बंद पडला, तर ते पाणी बाहेर सोडणारी निचरा-नळी गोठली आहे का ते आधी पाहावे. कोमट पाणी ओतून ती मोकळी होते.

निळ्याऐवजी पिवळी, लवलवती ज्योत किंवा बॉयलरभोवती काजळी दिसली, तर ज्वलन अपुरे होत असते आणि गंधहीन कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. तेव्हा निदान करत बसू नये. बॉयलर बंद करून, खिडक्या उघडून घराबाहेर पडावे आणि परवानाधारक तंत्रज्ञाला बोलवावे.