भाषेचा प्रकार्यवादी विचार

भाषेची घडण तिच्याकडून करून घेतल्या जाणाऱ्या कामांवरून समजून घ्यावी, असे मानणाऱ्या भाषाविज्ञान व चिन्हमीमांसा (चिन्हे अर्थ कसा देतात याचा अभ्यास) यांतील विचारसरणी. शब्दाचा अर्थ काय, यापेक्षा तो इथे, आत्ता, कोणासाठी काय करतो आहे, हा प्रश्न त्यांना आधी पडतो.

पुण्यातल्या जुन्या वाड्यात सकाळी कोणीतरी ‘पाणी आलं!’ अशी हाक देई. व्याकरणाच्या दृष्टीने हे साधे भूतकाळी विधान. ऐकणारा मात्र त्याचे खरेखोटे करत बसत नसे; कळशी उचलून नळाकडे धावे. मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्यूलर यांनी १९३४ मध्ये चिन्हाची तीन कामे सांगितली : वस्तुस्थिती दाखवणे, बोलणाऱ्याचे मन प्रकट करणे आणि ऐकणाऱ्याला हलवणे. वाड्यातल्या हाकेत ही तिन्ही आहेत, पण वरचष्मा तिसऱ्याचा. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात ‘सूर्य मावळला’ या एका वाक्यातून गुराख्याला, अभिसारिकेला (प्रियकराला भेटायला निघणाऱ्या स्त्रीला) आणि सेनापतीला निरनिराळे अर्थ कसे मिळतात ते दाखवले होते. त्याचा विषय व्यंजना, म्हणजे शब्दाची अर्थ सुचवण्याची शक्ती. त्याला प्रकार्यवादी ठरवण्याचे कारण नाही, पण नाते डोळ्यांत भरते.

भाषावैज्ञानिक रोमान याकबसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात कामांची संख्या सहावर नेली. संपर्क राखणे, भाषेविषयीच बोलणे आणि संदेशाच्या घडणीकडे लक्ष वेधणे ही त्यांतली भर. एकाच उक्तीत अनेक कामे चालतात, फक्त त्यांची उतरंड बदलते, हा त्यांचा खरा मुद्दा. सहा नावे पाठ करताना नेमका तोच निसटतो. पुणेरी पाटी हे याचे हाताशी असलेले उदाहरण. ‘फाटकासमोर वाहन लावू नये’ ही नुसती सूचना. तीच तिरकस शब्दांत लिहिली, की वाचणारा थांबतो, हसतो, फोटो काढतो आणि कधीकधी गाडी तिथेच लावून जातो. घडणीने बाजी मारली, सूचना हरली.

संपर्कासाठीच्या बोलण्याकडे मानवशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये लक्ष वेधले होते. ‘काय, जेवण झालं का?’ विचारणाऱ्याला जेवणाचा तपशील नको असतो. निघताना मराठी माणूस ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. दिशा उलटी, काम चोख.

या विचाराचे मोठे केंद्र प्राग. व्हिलेम माथेसियस यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये तिथे भाषाविज्ञानाचे मंडळ सुरू झाले. अर्थभेद करण्याचे काम करतो तोच ध्वनिभेद महत्त्वाचा, हे या मंडळातल्या निकोलाय त्रुबेत्स्कोय यांचे सूत्र मराठीला छान लागू पडते. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा : लिपीत एकच ज, उच्चारात दोन, आणि अर्थ त्या भेदावर उभा. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांचे उलटे : भेद लिपीत, कानाला बहुधा एकच. माथेसियस यांनी वाक्यात माहीत असलेले काय आणि नवे काय याचाही विचार केला. ‘मी चहा केला’ आणि ‘चहा मी केला’ यांत घटना तीच. दुसऱ्यात चहा आधीच चर्चेत आहे, श्रेय नवे आहे.

पुण्यात आधुनिक भाषाविज्ञानाचे मुख्य घर म्हणजे येरवड्याचे डेक्कन कॉलेज. पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून ते १९३९ मध्ये पुन्हा सुरू झाले. तिथले भाषावैज्ञानिक अशोक रा. केळकर (१९२९–२०१४) यांनी भाषा, चिन्ह आणि साहित्य यांचा एकत्र विचार मराठीतून मांडला. ‘रुजुवात’ या पुस्तकासाठी त्यांना २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

व्याकरणाची रचना वापरापासून वेगळी अभ्यासणाऱ्या नोम चॉम्स्की यांच्या परंपरेचा आक्षेप असा, की व्याकरणातले सगळे काही वापरातून निघत नाही. तो सहज झटकता येत नाही. मराठीतले निर्जीव वस्तूंचे लिंग पाहावे : दारावर तीच फळी, तोच मजकूर, ‘पाटी’ म्हटले की ती, ‘फलक’ म्हटले की तो.